मामंजींबरोबर रंकाळ्यावर

माझ्या सासऱ्यांना नुसतं फिरायची लाज वाटायची. कामासाठी चालायचं असेल तर त्यांची ना नव्हती. कोल्हापूर दरबारच्या कचेरीत हेडक्लार्क होते तेव्हा ते शिवाजी पेठेतल्या आमच्या घरापासून रोज चालतच जायचे. डोक्याला फेटा, गुडघ्यापर्यंत कोट, पावसाळा असो नसो हातात छत्री. मग संस्थान विलीन झालं. कचेऱ्या नव्या सरकारच्या ताब्यात गेल्या आणि वय झालेल्या बऱ्याच जणांबरोबर त्यांनाही पेन्शन देऊन घरी पाठवलं. घरी आले ते पुढच्या सोप्यातल्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. सकाळी अंघोळ करून फेटा बांधायचे आणि तो बांधून दिवसभर तिथंच.

मी त्या घरात सून म्हणून आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर कागलच्या पुढचं, शेतीवाडीचं. माझे यजमान इचलकरंजीला एका मागाच्या कारखान्यात हिशेबनीस होते. आठवडाभर तिकडंच राहायचे आणि सुट्टीच्या आदल्या रात्री यायचे. घरात मी, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामंजी. म्हणायची म्हणजे काय, मामंजींना हाक मारायची वेळच येत नसे. त्यांच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढून चहा ठेवायचा आणि मागच्या मागं निघून यायचं.

एक दिवस मामंजी खुर्चीतून उठताना भेलकांडले. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर आले. त्यांनी दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर बघितलं आणि म्हणाले, “गोळ्या देतो. पण असं बसून राहिलासा तर गोळ्या काय करणार? रोज संध्याकाळी रंकाळ्यापर्यंत जायचं, तासभर हवा खायची आणि परत यायचं.”

दुसऱ्या दिवशी मामंजी छत्री घेऊन निघाले आणि लगेच परत आले. आत्याबाईंनी दोनदा विचारलं. शेवटी म्हणाले, “चौकात तो किराणावाला भेटला. काय साहेब, कुठं निघालासा, म्हणाला.”

“मग?”

“मग काय? काय सांगू त्याला? कुठंच न्हाई म्हणून?”

आत्याबाईंनी रात्री भाकऱ्या थापता थापता विचार केला असणार, कारण सकाळी त्या मला म्हणाल्या, “आजपास्नं तू जायचं त्यांच्याबरोबर. वाटेत चक्कर आली तर कोण हाय? माझे गुडघे तर हे असे.”

“मी? मामंजींबरोबर?” माझ्या हातातलं भांडंच सुटलं.

“मागनं चालायचं. आणि हातात पिशवी घे. कुणी विचारलं तर बाजाराला निघालोय म्हणायला बरं.”

अशी आमची वरात सुरू झाली. पुढं मामंजी, मागं बऱ्याच अंतरावर मी, हातात रिकामी पिशवी. चौकातल्या किराणावाल्यानं विचारलं की मामंजी घसा साफ करून म्हणायचे, “जरा बाजार.” बाजार एका बाजूला आणि आम्ही चाललेलो दुसऱ्या बाजूला, हे त्याला दिसत होतंच. पण तो नुसता मान हलवायचा.

माझी अडचण वेगळीच होती. माहेरी मी शाळेला बांधाबांधानं चालत जायची, जवळजवळ पळतच. मामंजींची चाल कचेरीतली, सावकाश. दहा पावलं मागं राहायचं म्हणून मी मुद्दाम रेंगाळायची, दुकानांच्या पाट्या वाचायची, चपलेतला नसलेला खडा काढायची, तरी पुन्हा त्यांच्या पाठीशी येऊन धडकायची.

आणि मग ते पाणी दिसायचं. सगळ्या दिवसाचा धूर आणि चुलीची धग अंगावर घेऊन मी तिथं पोचायची आणि तोंडावर वारा यायचा. तेव्हाचा रंकाळा तलाव म्हणजे दगडी बंधारा, घाटाच्या पायऱ्या आणि पलीकडं शेतं. एका कडेला म्हशी पाण्यात बसलेल्या, दुसऱ्या कडेला कुणी धुणं आपटतंय. तालमीतली पोरं लांबपर्यंत पळत जायची आणि घामानं निथळत परत यायची. मामंजी बंधाऱ्याच्या कट्ट्यावर बसायचे. मी थोड्या अंतरावर उभी. तासभर कुणी कुणाशी बोलायचं नाही. तिन्हीसांजेच्या आत परत.

बरेच दिवस असे गेल्यावर एकदा मामंजी पाण्याकडं बघतच म्हणाले, “बस की. पाय दुखतील.”

मी बसले. आमच्या मध्ये अजून चार माणसं सहज मावली असती.

गल्लीत अर्थातच बोलणं झालं. नळावर एका शेजारणीनं आत्याबाईंना गाठलं. “सासरा आणि सून हवा खायला जात्यात म्हणं?”

“व्हय, जात्यात,” आत्याबाई म्हणाल्या. “तुझ्या सासऱ्याला पण पाठीव की. का त्यो तुझ्याबरोबर जायला तयार न्हाई?”

मी दाराआड उभी राहून हे ऐकलं. आत्याबाई माझ्या बाजूनं बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

थंडी सरत आली होती त्या सुमाराला ती गोष्ट घडली. मामंजी कट्ट्यावरून उठले, छत्री टेकली आणि एकाएकी त्यांचा तोल गेला. ते पाण्याच्या बाजूला कलले. मी कशी धावले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की त्यांचा दंड मी दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं होतं. सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात लावायचा नसतो वगैरे काही मनातही आलं नाही. त्यांचा फेटा डोक्यावरून घरंगळला, पायऱ्यांवरून गेला आणि पाण्यात पडला. माझा पदर कधीच खांद्यावर आला होता. मी ओरडले, “ओ पावणं! या की हिकडं! माणूस पडलंय!”

माहेरी शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय. पळून येणारी तालमीची दोन पोरं तशीच वळली. एकानं मामंजींना अलगद उचलून पायरीवर टेकवून बसवलं, दुसऱ्यानं ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळानं मामंजींनी डोळे उघडले. पहिल्यांदा त्यांनी डोक्याला हात लावला. मग माझ्याकडं बघितलं. एकमेकांना असं उघड्या डोक्यानं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. त्यांचे केस अगदी विरळ आणि मऊ होते, लहान मुलासारखे.

“फेटा?” ते म्हणाले.

एका पोरानं पाण्यात उडी टाकून फेटा आणून दिला. चिखल, शेवाळ आणि पाणी यांनी तो दोरीसारखा झाला होता. मी तो पिळला आणि पिशवीत टाकला. त्या पिशवीत पहिल्यांदाच काहीतरी पडलं. पोरांनी टांगा बोलावला आणि आम्ही घरी आलो. वाटेत मामंजी टांग्यातून बाहेरच बघत होते. मला वाटलं, झालं. उद्यापासून रंकाळाही गेला आणि आता मला काय काय ऐकावं लागणार कुणास ठाऊक.

घरी आल्यावर त्यांना पलंगावर झोपवलं, डॉक्टर येऊन गेले. आत्याबाई उशाशी बसून म्हणाल्या, “आता बास. पुन्हा तिकडं जायचं नाव काढायचं न्हाई.”

मामंजी छताकडं बघत होते. म्हणाले, “हिचा आवाज ऐकलायस का तू कधी?”

“कुणाचा?”

“सूनबाईचा. पार पाण्यातल्या संध्यामठापर्यंत गेला असंल. म्हशींनीपण माना वळवल्या.”

मी दाराशी उभी होते. मला वाटलं आता रागावतील. पण ते हसत होते. आवाज न करता, पोट हलवून. आत्याबाई आधी त्यांच्याकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिल्या.

“जाणार,” मामंजी म्हणाले. “चार दिवस पडतो आणि मग जाणार. पण तिनं मागनं चालायचं न्हाई. मागनं चालली तर मी पडल्यावर तिला कळणार. शेजारनं चालू दे.”

तेव्हापासून मी शेजारून चालू लागले. पदर डोक्यावर असायचा, पण आता नाकापर्यंत नाही. चौकात किराणावाल्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. मामंजी थांबले. मी मनातल्या मनात ‘जरा बाजार’ म्हणूनही टाकलं होतं. पण ते म्हणाले, “फिरायला.” आणि त्याच्याकडं बघत उभे राहिले, जणू आता तो काय बोलतो ते बघायचंच होतं. तो म्हणाला, “जावा की, बरं असतंय.” एवढंच.

मग आम्ही बोलायलाही लागलो. सुरुवातीला मामंजी कचेरीत विचारावं तसे विचारायचे. किती यत्ता झाल्या? फायनलला मार्क किती? शाळा का सोडली? हळूहळू मीही विचारायला लागले. एकदा धीर करून विचारलं, “मामंजी, नुसतं फिरायला तुम्हाला एवढं अवघड का वाटायचं?” त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, “जलमभर मी ज्या रस्त्यानं गेलो, त्या रस्त्याला ठाऊक होतं मी कुठं चाललोय ते. काम गेल्यावर वाटलं, आता लोक मला बघून म्हणणार, हा कोण?” मी म्हणाले, “तालमीतल्या पोरांना ठाऊक हाय की तुम्ही कोण ते. फेटेवालं आजोबा म्हणत्यात.” हे त्यांना आवडलं असावं. पुढं ती पोरं दिसली की ते छत्री उंच करायचे.

परतताना आम्ही कधी कधी गंगावेशीकडून यायचो. तिथल्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करत आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देत. मामंजी एक पेला घ्यायचे आणि मी रस्त्याच्या पलीकडं थांबायची, कारण कट्ट्यावर बायका नसायच्याच. एका संध्याकाळी गवळ्याचा पेला घेऊन मामंजी स्वतः रस्ता ओलांडून आले. “धर. फेस जायच्या आत पी.” मी भिंतीकडं तोंड करून प्यायले. गरम, जाड, नाकाला फेस. मी पेला परत दिला तेव्हा ते म्हणाले, “घरात सांगू नकोस.” मी नाही सांगितलं. त्यांनीच सांगितलं, जेवताना.

आत्याबाईंनी ते ऐकून ताटात आणखी एक भाकरी वाढली. पण दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तर त्या नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभ्या.

“मी पण येते,” त्या म्हणाल्या. “एवढं काय हाय तिथं ते बघते तरी.”

“गुडघे?” मामंजी म्हणाले.

“गुडघे घेऊनच येणार की. ठिऊन कसे येणार?”

त्या दिवशी आम्हाला पोचायला दुप्पट वेळ लागला. ती दोघं जन्मात कधी एकत्र रस्त्यानं चालली नव्हती, त्यामुळं त्यांना जमेचना. मामंजी पुढं जायचे, थांबायचे. त्या थांबल्या की हे चालायला लागायचे. मध्ये मी. घाटावर पोचल्यावर आत्याबाई खालच्या पायरीवर बसल्या, लुगडं जरा वर घेतलं आणि पाय पाण्यात सोडले. जरा वेळ त्या पायांनी पाणी हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, “लग्न होऊन आले त्या दिवशी गाडीतनं हे पाणी दिसलतं. त्यानंतर आज बघते.”

आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर नसलं तरी लांब मुळीच नव्हतं. अंबाबाईचं देऊळ, नातेवाइकांची लग्नं आणि बारशी, एवढ्यासाठीच त्या बाहेर पडलेल्या, आणि त्यातलं काहीच या वाटेवर नव्हतं.

मामंजी वरच्या पायरीवर होते. म्हणाले, “मग सांगायचं न्हाई व्हय?”

“कुणाला?” आत्याबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. एखादी वस्तू कुठं ठेवली विचारावं तसं त्यांनी विचारलं.

मामंजी खाली उतरले, छत्री बाजूला ठेवली, जोडे काढले आणि त्यांच्या शेजारी बसले. मी उठून जरा लांब म्हशींकडं गेले.

पुढं मला दिवस गेले आणि माझं फिरणं थांबलं. ती दोघं मात्र रोज जायची. मी चुलीपाशी बसून भाकऱ्या करायची आणि त्यांची वाट बघायची. आत्याबाई येताना काहीतरी बातमी आणायच्या: टाऊन हॉलच्या बागेत नवी फुलझाडं लावली, घाटावर कुणी कागलची बाई भेटली, ती माझ्या माहेरच्या माणसांना ओळखते. कधी दोघं भांडून यायची आणि एक जण पुढं, दुसरं बऱ्याच वेळानं यायचं. पण दुसऱ्या दिवशी मामंजी सोप्यातून हाक मारायचे, “चला की. ऊन उतरलं.”

माझा मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी मामंजी गेले. झोपेतच गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. नंतर कितीतरी दिवस आत्याबाई ऊन उतरलं की सोप्यात येऊन उभ्या राहायच्या आणि पुन्हा आत जायच्या. विधवा बाईनं इतक्यात बाहेर पडायचं नसतं, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्या गल्लीला माहीत होतं. शेवटी मीच त्यांच्या चपला उंबऱ्यापाशी आणून ठेवल्या.

त्यांनी चपलांकडं बघितलं. “लोकं काय म्हणतील?”

“मी आहे की शेजारी.”

मुलाला मधे घेऊन आम्ही निघालो. घाटापाशी आल्यावर मी बसायला गेले तर आत्याबाई थांबल्याच नाहीत. बंधारा संपला, पुढं मातीची पाऊलवाट होती, तिनं त्या चालत राहिल्या.

“आत्याबाई, गुडघे दुखतील. कुठं निघालाय?”

“पलीकडं,” त्या म्हणाल्या. “तिकडनं आपलं गाव कसं दिसतं ते त्यांना बघायचं होतं. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलं.”

शेतांच्या कडेनं, उसाच्या पाटातलं पाणी चुकवत, मध्ये दोनदा बसत आम्ही पलीकडच्या काठाला गेलो. मुलगा दमला होता, त्याला मी कडेवर घेतलं. तिथून अख्खं कोल्हापूर एका नजरेत दिसत होतं, पाण्याच्या पलीकडं, चुलींच्या धुरात, मध्ये देवळाचं शिखर. आत्याबाईंनी बोट करून आमचं घर शोधायचा प्रयत्न केला. ते काही सापडलं नाही. मुलगा म्हणाला, ते बघ, ते लाल. आत्याबाई म्हणाल्या, ते न्हवं बाळा, पण असू दे, ते आपलंच धरू. मग तिघंही बांधावर बसलो आणि बराच वेळ त्या लाल घराकडं बघत राहिलो.