डिंगऱ्यांची पैज

आमच्या ह्यांचं आणि सिंगापूरचं पहिल्यांदा बिनसलं ते कॅरट केकवरून. मुलाने हौसेने हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत नेलं आणि तो मागवला. ताटलीत तव्यावर परतलेले पांढरट तुकडे आले. त्यात गाजर नव्हतं आणि तो केकही नव्हता. तांदळाचं पीठ आणि किसलेला मुळा यांच्या वड्यांना इथे कॅरट केक म्हणतात. ज्या माणसाने सगळी नोकरी बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात घालवली, त्याला हे सहन होईना. "मुळ्याला मुळा म्हणायला यांना काय होतं?" ते म्हणाले. "आणि एवढा मुळा खातात, तर डिंगऱ्या कुठे आहेत?"

डिंगऱ्या म्हणजे मुळ्याला फुलं येऊन गेल्यावर धरतात त्या कोवळ्या शेंगा. त्या इथे कुठेच मिळत नव्हत्या, आणि त्या मिळत नाहीत ही गोष्ट ह्यांनी सिंगापूरच्या विरुद्धचा मुख्य पुरावा म्हणून धरून ठेवली.

पुराव्याची गरज होती, कारण आमच्यात वाद चालू होता. आम्ही दोघं निवृत्त होऊन सेम्बावांगला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि आमच्या इथे राहण्याच्या लाँग टर्म पासची मुदत वर्षभरात संपणार होती. ह्यांना पुण्याला परत जायचं होतं. मला जायचं नव्हतं. पुण्यात ह्यांचे मित्र आणि नातेवाईक कुठल्याही वेळी चहाला टपकत आणि मी ओट्यापाशी उभी असे. इथे मी या वयात पोहायला शिकले होते. लायब्ररी होती, समुद्राकाठी फिरणं होतं आणि ब्लॉकखालच्या कम्युनिटी गार्डनमध्ये माझा स्वतःचा एक वाफा होता. मुलाने अंग काढून घेतलं होतं. "पास वाढवायचा की नाही ते तुम्ही दोघं ठरवा," तो म्हणाला आणि लॅपटॉप उघडून बसला.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. त्यामुळे एकदा ह्यांनी अगदी सहज, पेपरातून डोकं न काढता विचारलं, "काय गं, थंडी नसेल तर मुळ्याला फुलं येतात का?" मी भोळेपणाने अख्खा तास घेतला. सांगितलं की मुळा, गाजर, बीट ही मंडळी आधी जमिनीखाली साठा करतात आणि थंडी सरून गेल्याशिवाय फुलायचं नाव काढत नाहीत. त्यांच्यात एक जनुक असतं, सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं. फुलण्याचा कुठलाही अर्ज आला की त्याचं उत्तर एकच, 'नाही'. काही आठवडे सलग थंडी मिळाली की त्या सेक्रेटरीचा कायमचा बंदोबस्त होतो, मग पुन्हा ऊन पडलं तरी तो तोंड उघडत नाही. तेव्हा पानांकडून शेंड्याला निरोप जातो, जिबरेलिन नावाचं हार्मोन कामाला लागतं आणि मधून दांडा वर सरकतो. इथे थंडीच नाही, म्हणजे सेक्रेटरी बारा महिने जागा.

ह्यांनी पेपराची घडी घातली. "ज्या देशात मुळ्याला शेंग धरत नाही, तिथे माणसाने किती दिवस काढायचे? धरून दाखव. धरली तर मी मुकाट्याने इथे राहीन, पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. नाही धरली तर सामान बांधायचं."

माझ्याच शिकवण्यावर माझ्याशीच पैज लावली होती. मी ती लगेच घेतली. ह्यांनी एक अटही घातली की हार्मोनचं औषध फवारायचं नाही. तीही मान्य केली. फ्रिजबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. गाजराला थंडी जाणवायला रोप जरा मोठं व्हावं लागतं, पण मुळ्याच्या नुसत्या मोड आलेल्या बीलाही ती जाणवते. तासात एवढं सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

फ्रिज सुनेचा. ती हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत आहे आणि बोटीवर माल लावावा तसे तिचे डबे फ्रिजात लागलेले असतात. ओल्या फडक्यात मुळ्याचं बी गुंडाळून मी एक डबा अगदी मागे सरकवला. तिने तो पहिल्याच आठवड्यात पकडला.

"आई, हे मोड कशाचे? उसळ करायची आहे का?"

"नाही गं, बाबांच्या तब्येतीसाठी आहे," मी म्हटलं. यात खोटं काय होतं?

पहिला घाणा फसला. मी घाई करून बी लवकर बाहेर काढलं आणि भर उन्हात वाफ्यात लावलं. नंतर पाकीट नीट वाचलं तर त्यावर मोठ्या दिमाखात लिहिलं होतं, स्लो टू बोल्ट, म्हणजे हा मुळा लवकर फुलावर येत नाही. बरोबरच होतं. जगात सगळ्यांना मुळा फुलायला नकोच असतो, फुलला की तो आतून दशा सुटून पोकळ होतो. म्हणून बियाणंवाले मुद्दाम कडक सेक्रेटरी असलेल्या जाती निवडतात. त्यात थंडी अपुरी पडली, आणि अपुऱ्या थंडीनंतर लगेच ऊन लागलं की मिळालेली थंडीही वाया जाते. मुळे मात्र झकास पोसले. ह्यांनी स्वतः किसून दह्यातली कोशिंबीर केली. "छान झालाय हो मुळा," असं म्हणत मला दोनदा वाढली.

दुसऱ्या खेपेला मी बी फ्रिजात चांगलं मुरू दिलं आणि बाहेर काढल्यावर रोपं कुंड्यांत लावून आमच्याच खोलीत ठेवली. मला फार उकडतं असं सांगून एसी लावून घेतला. मुळ्याला लांब दिवस आवडतो आणि इथला दिवस वर्षभर एकाच मापाचा, म्हणून अंधार पडल्यावर कुंड्यांपाशी दिवा ठेवला. ह्यांना वाटलं, ती त्यांच्या वाचनाची सोय केली आहे. विषुववृत्ताच्या शेजारी एक मनुष्य स्वेटर आणि कानटोपी घालून, मुळ्याच्या दिव्यात वाचत बसायचा आणि मला म्हणायचा, "इतक्या वर्षांनी का होईना, तुला माझी काळजी वाटायला लागली." मी मान खाली घालून विणकाम शोधायची. मला विणता येत नाही.

रोपं दमदार झाल्यावर वाफ्यात नेली. आणि एके सकाळी मधोमध दांडे दिसले. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे बसकण मारली. आयुष्यभर फळ्यावर खडूने काढलेली गोष्ट मी पहिल्यांदाच स्वतः घडवून आणलेली पाहत होते.

ह्यांनी दांडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी एकटेच बागेत जाऊ लागले. मला पक्का संशय आला की हे काहीतरी घातपात करणार. म्हणून एकदा मी मागोमाग गेले. पाहते तर माझ्या वाफ्यापुढे हात पसरून हे उभे आणि समोर शेजारच्या वाफ्याचे चिनी अंकल कात्री घेऊन. अंकल भला माणूस, शिपयार्डमधून निवृत्त झालेला. माझे मुळे फुलावर चाललेले पाहून त्याचा जीव तळमळत होता. एक दांडा त्याने माझ्यावर उपकार म्हणून छाटूनही टाकला होता.

"अंकल, फ्लावर कम आउट, रूट नो गुड ऑलरेडी," तो ह्यांना इथल्या धाटणीच्या इंग्रजीत समजावत होता. "कट बेटर लाह."

"नो कट," हे म्हणत होते. "वी वाँट फ्लावर. रूट यू टेक."

अंकलने आम्हा दोघांकडे पाहिलं, कात्री खिशात घातली आणि हताश होऊन आपल्या वाफ्याला पाणी घालायला गेला.

"तुम्ही का अडवलंत?" मी विचारलं. "आयती पैज जिंकला असतात."

"दुसऱ्याने कापलेल्यावर मी जिंकायचं?" ते रागावून म्हणाले. "आणि मला डिंगऱ्या खायच्या आहेत."

फुलं आल्यावर मी सांगितलं की मुळा आपलेच पराग घेत नाही, त्याला दुसऱ्या झाडाचे लागतात आणि इथे मधमाश्यांचा भरवसा नाही. ह्यांनी माझ्या हातातून कुंचला काढून घेतला. मग रोज सकाळी चष्मा पुसून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पराग नेऊन पोचवू लागले. बँकेत चेकवर सही तपासताना करायचे तसाच चेहरा करायचे. अंकल आपली खुर्ची घेऊन बघायला बसायचा.

शेंगा धरल्या. रविवारी दुपारी मी त्या मोडून, मोहरी-हिंगाची फोडणी देऊन, मिरची आणि दाण्याचं कूट घालून भाजी केली. मुलाने आणि सुनेने एकेक घास घेऊन वासाबद्दल अगदी सभ्य शब्दांत तक्रार केली आणि वाट्या ह्यांच्याकडे सरकवल्या.

हे आधी खाली मान घालून खात राहिले. मग एकदम बोलायला लागले. पुण्यात थंडीत पुलाजवळ बसणारी भाजीवाली ह्यांच्यासाठी डिंगऱ्या कशी बाजूला काढून ठेवायची, मफलर गुंडाळून सकाळी निघाल्यावर वाटेत कोण कोण भेटायचं, कोण कोणाची कशी टर उडवायचं. इथे आल्यापासून मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाले, "पैज तू जिंकलीस. पास वाढवायचं त्याला सांग." आणि हात धुवायला गेले.

ताट तिथेच राहिलं. मुलाकडे आल्यापासून ते रोज जेवण झालं की स्वतःचं ताट विसळून ठेवत. सून कौतुक करायची आणि मीही मनात म्हणायची, उशिरा का होईना, सुधारले. त्या दुपारी ते ताट विसरले, पुण्याच्या घरी विसरायचे तसे. तेव्हा मला कळलं की इतके महिने हा माणूस माझ्याबरोबर पाहुण्यासारखा राहत होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. एवढी झकास जिंकलेली पैज माझ्या हातून चालली होती.

"पास वाढवू नकोस," मी मुलाला म्हटलं. "आमची तिकिटं बघ."

"पण बाबा हरले ना?"

"मी शब्द दिलाय," बेसिनकडून आवाज आला. "मी इथेच राहणार."

"हरलेल्या माणसाने जिंकलेल्याचं ऐकायचं असतं," मी म्हटलं.

पंच्याला हात पुसत ते दारात आले. "तुला इथे आवडतं. तुझं पोहणं आहे."

"आवडतं. फार आवडतं," मी म्हटलं.

त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. मग टेबलावर त्यांचं लक्ष गेलं आणि ओशाळून ते ताट उचलायला पुढे आले.

"राहू द्या," मी म्हटलं. "तिथेच राहू द्या."