घरी राहून बरा झालेला दामूमामा

आईचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. "दामू गेला गं," एवढंच ती म्हणाली. दामूमामा तिचा सर्वांत धाकटा भाऊ. सकाळी वसईजवळच्या उमेळ्याच्या वाडीत सोनचाफ्याच्या कलमांना पाणी घालून आला, ओटीवर भिंतीला टेकून बसला, आणि मामीने चहा आणेपर्यंत सगळं संपलं होतं. साठीसुद्धा गाठली नव्हती त्याने. मी पोचले तेव्हा अंगण नातेवाइकांनी भरलं होतं. कुंपणापाशी मात्र एक वेगळाच घोळका उभा होता. त्यांना कोणी ओळखत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात, एक तरुण बाई स्वतःच्या आईचा हात घट्ट धरून, आणि पुढे अर्नाळ्याच्या बाजूची वाटावी अशी, कोळणीसारखं लुगडं नेसलेली एक प्रौढ स्त्री. थोरल्या मामाने तुम्ही कोण म्हणून विचारलं, तर ती हळूच म्हणाली, "आमी बुधवारची मानसं."

थोरल्या मामाला काही कळलं नाही. आईला कळलं. तिने उठून त्यांना आत घेतलं, आणि दामूमामाच्या पायांशी बसायला जागा करून दिली.

दामूमामाचा आजार सुरू झाला तेव्हा तो विशीत होता. चाफ्याची कलमं बांधण्यात त्याचा हात असा होता, की आगाशीपासून लोक त्याला बोलवायला यायचे. मग एका पावसाळ्यानंतर तो विहिरीपाशी जाऊन उभा राहू लागला. आतून माणसं बोलतात म्हणायचा. पुढे घरचं जेवण बंद केलं, त्यात काही घातलंय म्हणून. अंगारे झाले, नवस झाले, एका देवऋष्याकडे महिनाभर ठेवून झालं. शेवटी शहरातल्या मोठ्या मनोरुग्णालयात नेलं, आणि तिथे तो बरा झाला, हे सांगायलाच हवं. अंगाने भरून, शांत होऊन परत आला. पण बरोबर दिलेली औषधं संपली, पुन्हा आणायला लांब जायचं कोणी, बाहेर दुकानातून घ्यायची तर परवडायची नाहीत... आणि दोन-चार महिन्यांत मामा पुन्हा विहिरीपाशी. असं तीनदा झालं. आजी म्हणायची, "तिथं ठेवला तर सरकार सगळं बघतं. घरी आनला की आपन एकटे." एवढ्या वर्षांत या प्रश्नावर मी बरीच भाषणं ऐकली, पण आजीइतकं नेमकं कोणी बोललं नाही.

नव्वदच्या दशकात वसईत एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. दर बुधवारी मुंबईहून एक डॉक्टरबाई यायच्या. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना तपासायच्या, औषधं फुकट द्यायच्या, कोणी आलं नाही तर त्यांची एक कार्यकर्ती घरी जाऊन चौकशी करायची. हे सगळं सरकारी अनुदानावर चालायचं. आईने मामाला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा तो बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. औषधं नियमित झाली तशी विहीर गप्प झाली. पण हात थरथरू लागले, आणि थरथरत्या हाताने कलम कसं बांधणार? मामाने गोळ्या सोडतो म्हणून सांगितलं. डॉक्टरबाईंनी त्याला रागावण्याऐवजी कलम कसं बांधतात ते दाखवायला लावलं. चाकू कसा धरतो, दोरी कशी गुंडाळतो, सगळं पाहिलं आणि मात्रा बदलत, गोळ्या बदलत राहिल्या. अनेक बुधवार गेले. एका सकाळी मामा आमच्या मनवेलपाड्याच्या घरी आला आणि त्याने बांधलेलं चाफ्याचं कलम आईपुढे ठेवलं. आई ते कलम मांडीवर घेऊन रडत बसली.

पुढे त्याचं लग्न झालं. मामीला त्याने आजाराबद्दल स्वतःच, लग्नाआधी सांगितलं. थोरल्या मामाने सांगू नको म्हणून बजावलेलं असताना. मामी म्हणाली, औषध घेतो ना, मग झालं.

बुधवारच्या खोलीत तो आता इतरांची चौकशी करू लागला होता. मथुराबाईची गोष्ट त्याच काळातली. अर्नाळ्याला तिच्या भावाने तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं. ती कोणाशी बोलत नसे, कोणी आत आलं तर हाताला लागेल ते फेके. कार्यकर्तीबरोबर मामा सायकलने गेला आणि दाराबाहेर, वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी बसून राहिला. पुढे दर रविवारी एकटाच जाऊ लागला. एकदा मीही गेले होते. मामा दाराकडे न बघता, जणू स्वतःशीच म्हणाला, "मला विहिरीतनं बोलायचे. तुला कुठनं बोलतात?"

मग आतून आवाज आला, "भिंतीतनं."

"मग भिंतीपासनं जरा लांब बस," मामा म्हणाला, "बुधवारी आपन दोघं जाऊ."

आणि ती आली. मामा गेला त्या दिवशी अंगणात पुढे उभी होती ती हीच.

मग एका वर्षी अनुदानच आलं नाही. मंजुरी अडकली, का ते कोणालाच सांगता येईना. डॉक्टरबाई येत राहिल्या, औषधं मात्र कमी पडू लागली. माणसं रिकाम्या हाताने परत जायची, मग येईनाशी व्हायची. त्याच दिवसांत मामा पुन्हा विहिरीपाशी दिसला. आम्हाला वाटलं, त्याने गोळ्या सोडल्या. मामी शपथेवर सांगत होती, की रोज घेतात. नंतर कळलं की तो रोज अर्धीच घेत होता. उरलेली अर्धी मथुराबाईला नेऊन देत होता. दोघंही आजारी पडले. डॉक्टरबाई त्याला खूप रागावल्या. औषध म्हणजे भाकरी नव्हे वाटून खायला, म्हणाल्या, आणि बोलता बोलता डोळे पुसू लागल्या.

मामा सावरल्यावर आम्ही काही जण मुंबईतल्या सरकारी कार्यालयात गेलो. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ विचारलं की रुग्णालयात खाटा आहेत, तिथे औषधं आहेत, मग बाहेरच्या उपचारांना वेगळं अनुदान कशाला? डॉक्टरबाई उत्तर देणार, तेवढ्यात मामा उभा राहिला. हात पुन्हा थरथरत होते, त्याने ते पाठीमागे धरले.

"साहेब, मी तीनदा खाटेवर बरा झालो," तो म्हणाला. "पन बरा होऊन जायचं कुठं? घरीच ना? मग औषध पन तिथंच पायजे."

अधिकाऱ्याने त्याला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. काही महिन्यांनी अनुदान पुन्हा सुरू झालं. मामाच्या बोलण्याने झालं, असं मी म्हणत नाही. डॉक्टरबाईंच्या मते मंजुरी आधीच हलली होती. पण परतताना मामा मला म्हणाला, "बाय, आज मी सरकारशी बोललो," आणि लहान मुलासारखा हसला. आपण बोललो तर लोक ऐकतात, हे त्याला नवीन होतं...

मामा गेला त्या दिवशी मथुराबाई त्याच्या पायांशी बसली होती. कोणी तिला उठ म्हटलं नाही. निघताना तिने मामीला एवढंच विचारलं, की चाफ्याला पाणी आता कोण घालेल. मामी म्हणाली, मी घालीन.

मामाची एक सवय आमच्या घरात राहिली आहे. आमच्याकडे जेवला की तो कधी आत जाऊन, पाठ फिरवून गोळी घेत नसे. ताटावरच बसून म्हणायचा, "चला, ज्याची त्याची गोळी." मग आईची रक्तदाबाची निघे, बाबांची मधुमेहाची, आणि एकच तांब्या सगळ्यांमध्ये फिरे. गेल्या आठवड्यात आमच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंना आईने जेवायला बोलावलं होतं. जेवण आटोपल्यावर आई सवयीने म्हणाली, "चला, ज्याची त्याची गोळी." त्या बाईंनी आईच्या हातातल्या गोळीकडे पाहिलं. मग त्यांनी पर्स उघडली, एक पाकीट काढलं आणि त्यातली गोळी तळहातावर घेतली. कसली, ते आम्ही विचारलं नाही. आईने तांब्या त्यांच्याकडे सरकवला.