सोनाबाईचं मोकळं कपाळ

कमरीपेठेतल्या सोनाबाईला उभ्या आयुष्यात एकाच प्रश्नानं छळलं. "काय गं, रडलीस का?"

रडायला तिला वेळ कधी होता? अळणावरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन ती हुबळीत आली आणि चुलीपुढं बसली ती बसलीच. ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या, भाजायच्या, कडक वाळवायच्या आणि खानावळींना पोचवायच्या. पीठ आधणाच्या पाण्यात मळायचं, हाताला चटके बसले तरी. गार पाण्यात मळलं की भाकरी कडेला फाटते. फाटकी भाकरी तिनं कधी गिऱ्हाइकाला दिली नाही. ती घरच्या ताटात पडे, आणि नवरा मुकाट्यानं खाई.

आगीपुढं वर्षं गेली. भुवया खाली उतरल्या, पापण्या डोळ्यांवर आल्या, डोळ्यांखाली पिशव्या धरल्या. मूळची हसरी बाई, पण तोंड पाहावं तर आत्ताच मयतीवरून आल्यासारखं. खानावळवाले विचारत, भाजीवाली विचारी. भाचीच्या लग्नात तर विहीणबाई सगळा वेळ तिचीच समजूत घालत बसल्या. त्यांना वाटलं, मानपानात काही कमी पडलं. सोनाबाईनं दोनदा जिलेबी मागून घेतली होती, तरी कुणाला पटेना.

विद्यानगरात एका डॉक्टरणीच्या घरी तिच्या भाकऱ्या जात. तोंडावरची ऑपरेशनं करणारी डॉक्टरीण. एकदा तिनं सोनाबाईला उजेडात उभं केलं. म्हणाली, "मावशी, पापण्या पार नजरेवर आल्यात. भुवया उचलून जादाची कातडी काढता येते."

"रडका चेहरा जाईल?"

"जाईल."

"मग करा."

नवरा रामू दाजीबानपेठेत कापडाच्या गाठी वाहून थकलेला हमाल. आता घरीच असे. ऐकून त्याच्या हातातला घास हातातच राहिला. "आजार नाही, दुखणं नाही, आणि तोंडावर सुरी? डोकं फिरलं काय तुझं?"

"तुम्ही पण रोज विचारता," सोनाबाई म्हणाली. "मी घरात पाऊल टाकलं की, काय झालं, काय झालं. काही झालेलं नसतं हो."

रामूनं घास ताटात ठेवला आणि मान डोलावली. अट तिनं एकच घातली, कुणाला कळता कामा नये. "म्हातारपणी नटायची हौस आली म्हणून गल्ली हसेल. मान वर करून भाकऱ्या विकलेली बाई मी. ते हसणं मला सोसायचं नाही."

म्हणून दोघांनी गल्लीत सांगितलं, बहिणीकडे अळणावरला चाललो. पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि रिक्षा धरली ती विद्यानगरची.

दवाखान्यात मंगळसूत्र काढायला लावलं. काचेच्या बांगड्या मात्र मनगटावरून सरकेनात. थापून थापून हाडं रुंद झालेली. नर्सनं त्या फोडल्या. सोनाबाई कळवळली. "फोडल्या म्हणू नकोस गं, वाढवल्या म्हण."

मागच्या बोळानं रामूनं तिला घरी आणलं, पदर तोंडावर ओढून. आत आल्यावर पदर काढला आणि तो एक पाऊल मागे सरला. बाईचं तोंड नव्हतंच ते. दोन जांभळी वांगी आणि त्यांत दोन फटी.

"आरशात बघू नको," तो म्हणाला.

तिनं बघितलं. "अगं बाई! ही कोण?"

सूज उतरेल, असं डॉक्टरणीनं बजावलं होतं. जांभळं पिवळं होईल, मग जाईल. तोवर डोकं उंच ठेवायचं, वाकायचं नाही, चुलीशी जायचं नाही. रडायचं तर मुळीच नाही, टाके ओले होता कामा नयेत. भुवयांवर कातडीच्या रंगाची बारीक पट्टी होती. पूड टाक्यांत जाईल म्हणून कुंकवाला बंदी. मंगळसूत्र तिचं जुन्या पद्धतीचं, काळ्या पोतीचं, डोक्यावरून घालायचं. घालताना ते पट्टीत अडकलं, तिनं किंकाळी फोडली, आणि रामूनं ते देवाजवळच्या खिळ्याला टांगलं. बांगड्या भरायच्या तर कासाराला बोलवावं लागणार, आणि कासार बघणार. राहू दे, म्हणाली.

पुढं कुलूप, मागं राबता. रामू पहाटेच बोळातून बाहेर पडे, लागेल ते आणी, दिवसभर दोघं कुजबुजत. सोनाबाई उशांना टेकून बसे. हातांना काम नाही. गाठी वाहणंही सोपं असेल यापेक्षा, ती म्हणे.

एका सकाळी रामू मलम आणायला विद्यानगरला गेला. बसायचा कंटाळा आला म्हणून सोनाबाईनं मागची खिडकी बोटभर उघडली. त्याच वेळी शेजारची कविता बोळात कपडे वाळत घालत होती. कविता तिच्याच हाताखाली भाकऱ्या शिकलेली. तिनं सहज आत पाहिलं.

अळणावरला गेलेली सोनाक्का घरात. एकटी. कपाळावर कुंकू नाही, गळा रिकामा, हातात बांगडी नाही, डोळे सुजून मिटलेले. आणि रामूअण्णा कुठंच नाही.

कविताच्या हातातली बादली पडली. "अय्यो यव्वा," म्हणत ती धावली, ते थेट गल्लीत.

सोनाबाईला बादलीचा आवाज तेवढा ऐकू आला. तिनं घाईनं खिडकी लावली. थोड्या वेळानं पुढच्या दाराशी माणसं जमल्याची चाहूल लागली. कुणीतरी हुंदके देत होतं. मग महेशचा आवाज आला. रामूबरोबर जन्मभर गाठी वाहिलेला महेश.

"रामू गेला रे. गाठीखाली कधी वाकला नाही, आणि असा गेला."

सोनाबाईच्या पायांखालची जमीन सरकली. मलम आणायला गेलेला माणूस! विद्यानगरचा तो रस्ता, त्या बस. यांना निरोप आला, आणि मला अजून पत्ता नाही.

कुलूप आठवलं नाही, पदर आठवला नाही. मागच्या दारानं ती बाहेर पडली, भिंतीला धरून वळसा घालून पुढं आली, तशीच, उघड्या तोंडानं.

"कुठं?" ती ओरडली. "कुठं पडले ते?"

लोकांनी तिच्याकडं पाहिलं आणि एकच आकांत झाला. कपाळ मोकळं, हात मोकळे. शंकेला जागाच उरली नाही. महेशच्या हातात हार होता. कविता तिच्या गळ्यात पडली. "रड अक्का, रड. आत ठेवू नको."

"सांगा की कुठं आहेत! कुणी पाहिलं?"

"भ्रमिष्ट झाली बिचारी," मागून कुणीतरी म्हणालं.

मग सोनाबाई रडली. किती वर्षांनी कोण जाणे. खारं पाणी टाक्यांत उतरलं, आग झाली, एका पापणीतून रक्ताची बारीक धार गालावर आली.

आणि गल्लीच्या तोंडाशी रामू दिसला. काखेत शहाळं, हातात मलमाची पिशवी.

एक म्हातारी चक्क हात जोडून मागं सरली. रामू आधी माणसांकडं बघत राहिला, मग हाराकडं. "कोण गेलं?" त्यानं विचारलं.

सगळे महेशकडं बघू लागले. शेवटी महेश म्हणाला, "तू."

रामूच्या काखेतलं शहाळं निसटून गटारीत गेलं. सोनाबाईनं भिंतीला पाठ टेकली.

जीव भांड्यात पडल्यावर माणसांना राग येतो. कविता रामूच्या पुढ्यात उभी राहिली. "मग अक्काचं हे काय झालं?"

रामूला अट आठवली. "पडली ती. न्हाणीत."

"न्हाणीत पडलं की दोन्ही डोळे एकसारखे काळे होतात काय, अण्णा? आणि बांगड्या? त्या पण न्हाणीत फुटल्या?"

सगळ्यांच्या नजरा रामूच्या हातांकडं वळल्या. हमालाचे हात, फावड्याएवढे. महेशनं हार पाठीमागं धरला. "रामू," तो हळू म्हणाला, "हात उचललास?"

रामूनं मान खाली घातली. सोनाबाईनं ती मान पाहिली. त्या मानेवर गाठींचा घट्टा होता. मघाशी लोक त्याच्यासाठी रडत होते, आता थुंकतील, आणि हा अवाक्षर काढणार नाही.

"त्यांनी नाही," ती म्हणाली. "डॉक्टरणीनं केलंय. ऑपरेशन. मी सांगून करून घेतलं."

"कशाचं?"

"तोंडाचं."

"आजार काय?"

"आजार नाही. रडका चेहरा घालवायचा होता."

कविता तिच्याकडं बघत राहिली. जांभळे डोळे, आसवांनी भिजलेले गाल, नाकातून पाणी. तिनं पदर तोंडाशी नेला, पण हसू फुटलंच. मग मागच्या बाया, मग महेशसुद्धा. ज्या हसण्याची सोनाबाईला धास्ती होती ते सगळं तिच्यासमोर उभं राहिलं. ती हलली नाही. पदरही ओढला नाही.

"हसा," ती म्हणाली. "मला मात्र अजून आठवडाभर हसता यायचं नाही. टाके आहेत."

रामू पुढचं कुलूप काढून आत गेला. खिळ्यावरचं मंगळसूत्र घेऊन बाहेर आला आणि दोरा दातांत धरला.

"अहो, काय करता! तोडू नका!" सोनाबाई दचकली. बाया हसायच्या थांबल्या. कुणी कान झाकले.

"मी मेलो म्हणून तोडत नाही," रामू म्हणाला. "जिवंत आहे म्हणून तोडतोय."

दोरा तुटला, आणि मणी-वाट्या ओघळू नयेत म्हणून त्यानं टोकं मुठीत धरली. तिच्या मागं उभं राहून ती मानेवर बांधली. गाठोड्याला मारतात ती, ओढली की आवळणारी गाठ. बोटं अजून थरथरत होती, म्हणून पहिली निसटली. त्यानं पुन्हा मारली.

"घट्ट झाली का?"

"झाली."

कविता पुढं आली. "अक्का, कासाराला बोलावू?"

"बोलाव," सोनाबाई म्हणाली. "पण आधी ह्यांना पाणी दे. थरथरतायत बघ किती."