मी शाळेत गेलोच नाही

साल दोन हजार चोवीस, आणि मी अडुसष्ट वर्षांचा. हे वय आधारवाल्यानं माझ्या केसांकडं पाहून ठरवलं होतं. माझा स्वतःचा अंदाज एखाददोन वर्षं इकडंतिकडं जातो.

त्या साली माझ्या नातीचा यवतमाळच्या एका कॉलेजात एम.सी.ए.ला नंबर लागला. ती वणीला बी.एस्सी. झाली होती. आमच्या घराण्यात पदवी घेणारी ती पहिलीच, आणि आता त्याच्याही पुढं चालली होती. त्याच साली मागास जातीच्या मुलींची फी सरकार भरणार असं निघालं. मी म्हटलं, पोरगी नशीब बरोबर घेऊन आली. पण फी माफ व्हायची तर जात पडताळणीचा कागद पाहिजे. जातीचा दाखला तिच्याजवळ होता. तो चालत नाही. तो दाखला खरा आहे असं सांगणारा दुसरा कागद लागतो. कॉलेजानं तिच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं की मुदतीत कागद आणला नाही तर जागा खुल्या गटात जाईल आणि फी पूर्ण भरावी लागेल. पूर्ण फी भरायची म्हणजे कॉलेज सोडायचं. हे आमच्यात कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या कागदासाठी बापाकडच्या कोणाचा तरी एकोणीसशे सदुसष्टच्या आधीचा, जात लिहिलेला पुरावा पाहिजे होता. माझ्या पोराचा शाळेचा दाखला फार नंतरचा. माझा बाप अंगठ्यावाला. राहिलो मी. ती माझ्यासमोर येऊन बसली. मी अंबाडीचा दोर वळत होतो.

"आबाजी, तुम्ही शाळेत गेलते का?"

"नाही. शाळेची पायरी नाही चढलो मी."

"एक दिवस बी नाही?"

"नाही म्हटलं ना."

ही गोष्ट मी पन्नास वर्षं छाती काढून सांगत आलो होतो. वाचायला कुठं शिकले, असं कोणी विचारलं की मी म्हणत असे, एस.टी.च्या पाट्या वाचून शिकलो. लोकांना ते ऐकून कौतुक वाटे. मलाही मग ते खरंच वाटू लागलं होतं.

मग कचेरीच्या खेपा सुरू झाल्या. गावातले जन्ममृत्यू पूर्वी कोतवाल आपल्या बुकात लिहून ठेवत असे आणि त्यात जात लिहिलेली असते, असं कोणी सांगितलं. पोरगी यवतमाळहून सुट्टी काढून येई, मी गावाहून जाई, आणि आम्ही दोघं कचेरीच्या बाकावर बसत असू. एकदा बाबू जेवायला गेला होता, एकदा चावी दुसऱ्याजवळ होती, एकदा अर्जावर तिकीट लावायचं राहिलं होतं. तीन महिन्यांनी बुक निघालं तेव्हा माझ्या जन्माच्या आसपासची पानं वाळवीनं खाल्लेली. कडा तेवढ्या उरल्या होत्या, जाळीसारख्या.

मी बाबूला म्हटलं, मी तुमच्यासमोर उभा आहे, माझा बाप इथल्याच मातीत गेला, पाहिजे तर गावाला विचारा.

तो म्हणाला, "बाबा, गाव फाईलीत लागत नाही."

त्या माणसाचा मला फार राग आला. आता वाटतं, तेवढा राग त्याच्या वाट्याचा नव्हता.

पोरगी यवतमाळला दोन मुलींसोबत खोली करून राहत होती. सकाळी कॉलेज, आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एका ऑनलाईन सेंटरवर काम. तिथं ती लोकांचे फॉर्म भरत असे. उत्पन्नाचे, रहिवासाचे, जातीचे. खोलीचं भाडं आणि डबा त्यातूनच निघत असे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे कागद जमवून द्यायचे आणि आपण बिनकागदाचं राहायचं. कॉलेजानं मुदत एकदा वाढवून दिली. मग एके दिवशी तिचा फोन आला की सेंटरवाला पूर्ण दिवसाचं काम देतो म्हणतो, तर कॉलेज सोडून तेच धरते. मी फोनवरच सरकारला, कचेरीला, वाळवीला शिव्या घातल्या आणि फोन ठेवला.

माझी म्हातारी चुलीपाशी होती. तिला माझं सगळं ठाऊक होतं. माझ्या मायनं मरताना तिला सांगितलं होतं.

"पोरीचं शिक्षण बुडालं तरी चालन," ती म्हणाली, "तुमचं नाक नाही बुडालं पाहिजे."

आता सांगून टाकतो. माझ्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. मी झालो तेव्हा मायनं मला उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या एका बुढीनं मला सुपात उचललं आणि मूठभर ज्वारीच्या बदल्यात मायला परत दिलं. टाकून दिलेल्या पोराला देव नेत नाही, अशी समजूत. उकिरड्यावरून उचललं म्हणून नावही उकिरड्याचंच ठेवलं. घरी त्याचं काही वाटत नसे. पण मला मामाच्या गावी शाळेत घातलं आणि तिथं मास्तर रोज हजेरीला ते नाव मोठ्यानं घेई. पोरं नाक दाबत. एक दिवस मास्तरही हसला आणि म्हणाला, याची जागा बाहेर आहे. मला अंगणात नेऊन केरकचऱ्याजवळ बसवलं. पोरांना मजा वाटली म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी मी पाटी तिथंच ठेवून निघून आलो. मामानं मारलं, मायनं हात जोडले, पण मी गेलो नाही. एकूण दीड वर्ष झालं होतं.

पुढं जवान झाल्यावर मतदार यादीवाला दारात आला तेव्हा मी त्याला माझ्या पसंतीचं नाव सांगितलं. एका राजाचं. माय आतून काही बोलणार होती, मी तिच्याकडं पाहिलं तशी ती गप्प झाली. माझं बारसं मी केलं, याचा मला फार अभिमान होता. सातबारा, रेशन कार्ड, लग्नपत्रिका, सगळीकडं तेच नाव. आणि ते जुनं नाव एका शाळेच्या कपाटात पडलं होतं, जातीसकट, सदुसष्टच्या आधीचं.

म्हातारीच्या बोलण्यानंतर दोन दिवस मी जेवणावर राग काढला. तिसऱ्या दिवशी एस.टी.त बसून यवतमाळला गेलो. सेंटरवर गर्दी होती, म्हणून बाहेरच्या स्टुलावर बसून राहिलो. आत एक बाई आपल्या नवऱ्याचा कागद घेऊन आली होती. त्याच्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं. ती घाबरून गेली होती. माझी नात तिला सांगत होती की मावशी, यात घाबरण्यासारखं काही नाही, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं शपथपत्र करायचं, रोज होतात असे. तिच्या आवाजात जरासुद्धा कंटाळा नव्हता. मी स्टुलावरून उठून परत बस स्टँडकडं जावं असं मला एकदा वाटलं. उठलोही होतो. तेवढ्यात तिनं मला पाहिलं.

तिनं मला चहाच्या टपरीवर नेलं. कचेरीचं काही झालं का, म्हणून विचारलं.

"मी गेलतो शाळेत," मी म्हणालो.

"कोणत्या शाळेत?"

"मामाच्या गावी. लहानपणी. दीड वर्ष."

तिनं कप खाली ठेवला.

"मंग तीन महिने मी ते कोतवाल बुक कायले शोधून राह्यली होती?"

"नाव दुसरं आहे त्याच्यात."

"असू द्या ना. काय नाव आहे?"

"आजीले विचार."

"शपथपत्र द्यायले आजी येणार आहे का? तुम्हीच सांगा."

मी कपाकडं पाहत सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल, नाहीतर डोळ्यांत पाणी आणेल. तिनं खिशातून पेन काढला, हातावर नाव लिहिलं आणि विचारलं, "शेवटी 'आ' की 'या'?"

साठ वर्षं जे मी कोणाला कळू दिलं नाही, त्याचा तिला फक्त काना पाहिजे होता. मला तिचाही राग आला. एवढंच का हे, असं तिला म्हणावंसं वाटलं.

"मुदतीले आठ दिवस राह्यले, आबाजी," ती म्हणाली. "शाळेच्या रजिस्टरचा उतारा तुम्हीच आणा. मले सुट्टी नाही मिळत आता." आणि ती सेंटरवर निघून गेली. एरवी ती मला गाडीत बसवून द्यायला येत असे.

घरी आलो तेव्हा म्हातारीनं विचारलं, सांगितलं का. मी हो म्हटलं. तिनं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी मामाच्या गावी गेलो. शाळा आता स्लॅबची झाली आहे. मुख्याध्यापक बाई माझ्या पोरापेक्षा लहान. त्या वर्गावर होत्या, त्यांनी दारातूनच नाव विचारलं. चाळीसेक पोरं बसली होती. मी ते जुनं नाव सांगितलं. मागं कोणीतरी खुदकलं, बाईंनी तिकडं पाहिलं तसं ते थांबलं. जुनं रजिस्टर कपाटाच्या तळाशी निघालं, धड होतं. बाईंनी ओळीवर बोट ठेवून वाचलं: नाव, बापाचं नाव, जात. सगळं बरोबर. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण होतं: सतत गैरहजर.

मी म्हटलं, बाई, हे खोटं आहे. मी गैरहजर नव्हतो, मला बाहेर बसवलं होतं. हे खोडा.

"बाबा, खोडलं की उतारा बाद होते," त्या म्हणाल्या. "उताऱ्यासाठी अर्ज लिहा तुम्ही. स्वतःच्या हातानं, दोन प्रतीत."

मी आणखी दोनदा म्हटलं, खोडा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग मी बाहेर ओट्यावर बसलो आणि ते नाव पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं लिहिलं. एक प्रत झाली, तेव्हा दुसरी लिहायला घेतली.