दाजींच्या जोत्याला एक मंडळ पाणी

मागच्या वैशाखातल्या एका शुक्रवारी सकाळी सव्वासहाला, दोन हजार रुपये ठरवून जवळच्या वरुणा गावाहून आणलेली गाय माझ्या बहिणीच्या नव्या घराच्या उंबरठ्यावर उभी होती. हजर माणसे: अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तिचे यजमान आणि माझे दाजी दत्ताजीराव, शास्त्री, गाईचा मालक शिवण्णा, मेस्त्री नंजुंडा, मी, आणि साठेक पाहुणे. आमच्या म्हैसुरात गृहप्रवेशाला आधी गाय आत जाते, मग माणसे.

गाय आत जाईना. शिवण्णाने तिच्या पाठीवर थाप मारली, दाजींनी गूळ दाखवला. गुळासाठी ती हॉलमध्ये शिरली, डाव्या कोपऱ्याकडे वळली, आणि तिचा पुढचा पाय टाईल फोडून जवळजवळ गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. या घराचे ड्रॉइंग माझे. म्हणून आधी गाईला तिथेच ठेवून थोडे मागचे सांगतो.

लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेली ही नवी वसाहत, जुन्या तळ्याच्या काठावर आहे. वरची सात फूट माती कोणीतरी आणून टाकलेली. त्यामुळे कॉलमचे फुटिंग, म्हणजे कॉलमच्या तळाचे काँक्रीटचे रुंद पाऊल, मी नऊ फुटांवर मूळच्या कठीण मुरुमात टेकवले. दाजींनी त्याला हरकत घेतली नाही. पायाला खर्च करावा असे त्यांचे वडीलही सांगून गेले होते.

वाद झाला तो जमिनीवरून. वरच्या मजल्याची स्लॅब बीमवर असते, बीम कॉलमवर आणि कॉलम फुटिंगवर. तळमजल्याच्या जमिनीला यातले काहीच नसते. घर रस्त्यापेक्षा उंच यावे म्हणून जोत्याच्या आत माती भरतात. इथे पाच फूट भराव होता. त्यावर चार इंच साधे काँक्रीट, ज्याला आम्ही पीसीसी म्हणतो, आणि वर टाईल. भराव ही गादी, टाईल ही चादर. गादी नीट भरली नाही तर चादर कितीही महाग घ्या.

गादी भरायची रीत सोपी आहे. नऊ इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. धुम्मस म्हणजे माती ठोकून दाबायचे अवजार. पाच फुटांना सात थर. थराला तीन दिवस धरले तर एकवीस दिवस. मातीवर भरवसाच नको असेल, तर तळमजल्यालाही बीमवर स्लॅब टाकता येते. तिला दीड लाख जास्त.

"दीड लाख? जिच्याखाली कोणी राहणार नाही त्या स्लॅबला?" दाजी म्हणाले. चौतीस वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज परत पाठवलेला माणूस.

"मग एकवीस दिवस द्या, दाजी."

"कुठून देऊ? हा मुहूर्त गेला तर ज्येष्ठात आमच्या नक्षत्राला काही नाही. मग आषाढ. भाड्याच्या घराला नोटीस देऊन झाली. नंजुंडा बघून घेईल."

नंजुंडाने बघून घेतले. दोन दिवस ट्रॅक्टरने माती ओतली आणि एक रात्र वर पाण्याचा पाईप सोडून ठेवला. पाणी वरच्या फूटभर मातीत गेले. खालची माती कोरडी आणि भुसभुशीत राहिली. नंतर पीसीसीवर मारलेले पाणी कडेने झिरपले, तशी ती खालून बसत गेली. पीसीसी मात्र वर पुलासारखे राहिले.

गृहप्रवेशाच्या दोन दिवस आधी मी लोखंडी सळईने टाईल ठोकून पाहिल्या. डावा कोपरा डबडब वाजला.

"खाली पोकळ आहे," मी म्हणालो.

"नवी टाईल वाजतेच," दाजी म्हणाले. मग अक्काकडे वळले. "अगं, तुझा भाऊ पूल बांधायला निघाल्यासारखा हिशेब करतो. अरे, इथं हत्ती नाचवायचा नाही. सुम्ने उगाच घाबरवू नको."

अक्काने मला स्वयंपाकघरात ओढले. "रे शंकर, घर पडेल काय?"

"घर नाही पडणार, अक्का. जमीन बसेल. टाईल फुटतील, बाथरूमचा पाईप तुटेल, त्याचं पाणी आत मुरेल, मग आणखी बसेल."

दाजींचा सगळा पीएफ या घरात गेला होता. राहायला आल्यावर जमीन बसली असती, तर दुसऱ्यांदा उचलायला फारसे काही उरले नव्हते.

आता गाईकडे.

चौघांनी मिळून तिचा पाय बाहेर काढला. खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. पण घाबरून तिने तिथेच गोमूत्र केले. निम्मे पाहुणे म्हणाले शुभ, निम्मे म्हणाले पाय अडकला ते अशुभ. ते गोमूत्र ओघळत भोकापाशी गेले आणि आत नाहीसे झाले. जमिनीत पाणी कुठून कसे जाते हे मी महिनाभर कागदावर काढून दाखवत होतो. तेव्हा बघायला एवढी माणसे कधी जमली नव्हती.

मी टेप आत घातला. पीसीसी चारऐवजी दोन इंच. त्याखाली सात इंच हवा.

"अय्यो, माझं घर," दाजी भोकात वाकून बघत म्हणाले. "स्वामी, काय दोष निघाला?"

शास्त्रींनी हात धुवायच्या निमित्ताने मला मागच्या नळापाशी बोलावले.

"सार, आत पोकळ आहे?"

"सात इंच. सगळी माती काढून परत भरायला हवी."

"किती दिवस?"

"एकवीस. पण ऐकतंय कोण?"

"तुम्ही एकवीस मागता, म्हणून ते दोन देतात." त्यांनी उपरण्याला हात पुसले. "थर कसे सांगितले होते?"

मी सांगितले. त्यांनी दोनदा विचारून घेतले.

हॉलमध्ये येऊन ते मोठ्याने म्हणाले, "भूमी तहानलेली आहे. गाईला ते कळलं, आपल्याला कळलं नाही. सगळी माती बाहेर काढा. नऊ-नऊ इंचांचे थर द्या. प्रत्येक थराला पाणी पाजा, ठोका, मगच पुढचा थर. एक मंडळ."

आमच्याकडे मंडळ म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. दाजींनी हात जोडले. "मंडळच ना, स्वामी? करू या. श्रावणात मुहूर्त काढा."

ज्यांच्याकडे एकवीस नव्हते, त्यांच्याकडे अठ्ठेचाळीस निघाले. भाड्याच्या घराचा मालकही एका फोनवर थांबला. त्याला तसाही दुसरा भाडेकरू मिळाला नव्हता.

दाजी रोज आंघोळ करून साईटवर यायचे आणि स्वतः पाईप धरायचे. नंजुंडाने एकही थर चुकवला नाही.

"एवढी शिस्त पहिल्यांदा कुठे होती रे?" मी विचारले.

"तेव्हा इंजिनीअरचं काम होतं, सार. हे देवाचं," तो म्हणाला आणि हसला.

भराव एकविसाव्या दिवशी पुरा झाला. उरलेले दिवस पाणी मुरू दिले. मंडळ संपल्यावर मी लेव्हल घेतली. चारही कोपरे जागच्या जागी होते. एकवीस दिवसांनंतर थोडे थांबणे बरेच असते, हे मला माहीत होते. मागायचे धाडस नव्हते. मग चार इंच पीसीसी झाले, टाईल बसल्या. मी सळईने सगळा हॉल ठोकून पाहिला. कुठेच डबडब नाही.

"दाजी, जमीन पक्की आहे. आता माझी खात्री."

"तुझं बरोबर असेल," दाजी म्हणाले. "पण गाय काय म्हणते ते बघू."

श्रावणात त्यांनी तीच गाय आणायला लावली. दुसरी चालणार नव्हती. शिवण्णाने ते ओळखून भाव वाढवला. गाय आत आली, डाव्या कोपऱ्यात गेली, तिथे निवांत उभी राहिली आणि शेण टाकून बाहेर पडली. अक्काने डोळ्यांना पदर लावला. दाजींनी मग आत पाय ठेवला.

आता माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर भरावाच्या टिपेत एकवीस दिवस लिहिलेले नसतात. एक मंडळ लिहिलेले असते. अजून कोणी घासाघीस केलेली नाही.

श्रावणातल्या त्या दिवशी दाजींनी शास्त्रींना अकरा हजार दक्षिणा दिली. मला एक नारळ, दोन केळी आणि पानसुपारी मिळाली. जमीन तपासल्याबद्दल पाच हजार रुपये शिवण्णाला.