गोधडीचे चार कोपरे

चिंध्यांचं एक आहे. एक जपून ठेवली की तिच्या सोबतीला दुसरी येते आणि वर्षभरात बोचकं होतं. आमच्या मंडळाच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. लग्नात, बाजारात, एस.टी. स्टँडवर आम्ही दोघी जणी जरी भेटलो, तरी एक विचारतेच, "ती साहेबांची गोधडी आठवती का गं?" आणि मग एस.टी. निघून जाते!

बहात्तरचा दुष्काळ होता. बेंबळीजवळचं आमचं गाव. बाया दिवसभर उन्हात खडी फोडायच्या आणि रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या जुनाट ज्वारीच्या, भाकरी खायच्या. त्यातच आम्ही महिलांची सहकारी संस्था काढली, तेच आमचं मंडळ. गावात मॅट्रिक झालेली बाई मी एकटीच, म्हणून मी सेक्रेटरी. उस्मानाबादच्या समाजकल्याण खात्यातल्या साहेबांनी सांगितलं, "नमुन्याची एक गोधडी आणा. पसंत पडली तर वसतिगृहांच्या गोधड्यांचं काम तुम्हाला." म्हणजे हातातला हातोडा जाऊन सुई येणार, तीही सावलीत! एवढं सगळं त्या एका गोधडीवर होतं.

*

शिकवायला सोलापूरहून एक बाई आल्या. बुद्धविहाराच्या ओसरीवर आमचं मंडळ बसायचं. बाईंनी कापडाचे थर एकावर एक मांडले आणि बोटभर अंतर सोडून तिरक्या शिवणी घातल्या. गोदाकाकू खूश! काकू म्हणजे गावातल्या सगळ्यात जुन्या गोधडीवाल्या. मग बाईंनी कात्री काढली आणि दोन शिवणींच्या मधून वरचे थर सरळ कापायलाच लागल्या.

काकूंनी कात्री ओढून घेतली आणि तिच्यावर बसल्या!

"जन्मभर आमी फाटलेलं शिवलं, आन ही बया शिवलेलं फाडायलीय!"

बाई हसल्या. म्हणाल्या, "काकू, धुतल्यावर या कडा फुलतात. याला शेनील म्हणतात." आणि पिशवीतून तयार तुकडा काढून तो काकूंच्या गालाला लावला. अगदी मखमल!

काकू हळूच उठल्या. "मंग हे आधी दावायचं की!" असं म्हणून कात्री परत दिली.

नाव मात्र कुणी शेनील घेतलं नाही. 'फुलाची गोधडी' म्हणायला लागलो.

*

थरांसाठी प्रत्येकीनं घरातून कापड आणायचं ठरलं. यमुनानं सुंदर पिवळं कापड आणलं. चार दिवसांनी तिचा नवरा, धोंडिबा, ओसरीवर हजर.

"वहिनी, माझा फेटा दिसला का? अणदूरला लगीन हाय."

यमुना खाली मान घालून शिवतेय. धोंडिबाची नजर गोधडीवर गेली. कापलेल्या चिरांमधून पिवळं डोकावत होतं.

"यमुने, हे काय!"

यमुनाच्या आधी शेवंता बोलली. विहाराच्या गल्लीतली शेवंता, बोलण्यात कुणाला हार जायची नाही. "आता काय करता भाऊजी? लग्नाला जाताना गोधडीच गुंडाळा की डोक्याला!"

*

या कामात सगळे थर कापायचे, पण सगळ्यात खालचा सोडायचा. तिथंच हात चुकतो. शेवंता गोधडी मांडीवर घेऊन झपझप कापत होती.

"बघा, कशी कापायलेय!" म्हणत उठली तर गोधडी तिच्यासोबतच उठली. खालचा थर तर कापलाच होता, पण त्याच्याखालचं तिचं लुगडंही कापून कात्रीच्या टोकात अडकलं होतं!

मग मी घरून माझी शाळेतली लाकडी फुटपट्टी आणली. खालच्या थरावर ती सरकवायची आणि वरून कात्री चालवायची. खालचा थर सुरक्षित.

शेवंता म्हणाली, "आक्का, तुमचं मॅट्रिक आज कामाला आलं बघा!"

*

गोधडी पुरी होत आली की काकूंच्या घरची एक रीत. चारी कोपऱ्यांत ज्वारीचे दोन-दोन दाणे ठेवून कोपरे शिवायचे. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाही म्हणे! पण त्या वर्षी ज्वारी कुठली?

"मिलो घाला की," शेवंता म्हणाली.

"मिलो? माझ्या नरड्याखाली उतरत न्हाय, गोधडीला कशी चारू?"

काकूंनी घरी जाऊन बियाण्याचं मडकं पालथं घातलं, वरून थापट्या मारल्या आणि पडले ते दाणे पदराला बांधून आणले. तीन कोपरे आमच्यासमोर शिवले. चौथा आमच्याकडं पाठ करून शिवला. आम्ही म्हटलं, दमल्या असतील.

*

आता धुणं. धुतल्याशिवाय फूल फुलत नाही, आणि आडानं तर तळ गाठलेला. गोधडीसाठी पाणी मागायला कुणाच्या दारात जायचं?

शेवंतानंच तोड काढली. "पोरांना आठवड्यातनं एकदा आंघोळ घालतोच न्हवं? गोधडीवर उभी करून घालू!"

मोठं घंगाळ मधे ठेवलं, त्यात गोधडी, गोधडीवर पोरं! एका पाण्यात तीन-तीन जणं. पोरं अशी नाचली, अशी तुडवली, की कडा न् कडा फुलून वर आली. शेवटी खंगाळायला दोन घागरी तेवढ्या लागल्या.

सोलापूरच्या बाई बघायला आल्या तेव्हा चकित झाल्या. "इतकी मऊ! कुठला साबण वापरला?"

"साबण न्हाय बाई," शेवंता म्हणाली, "आमची पोरं वापरली!"

*

गोधडी पुरती वाळायच्या आतच निरोप आला, लगेच घेऊन या. दमट गोधडीची घडी घालून आम्ही एस.टी. पकडली. पोचलो तर साहेब दौऱ्यावर! शिपायानं घडी तशीच कपाटात ठेवली. आठवडा गेल्यावर बोलावणं आलं. काकू, शेवंता आणि मी साहेबांसमोर बसलो.

साहेबांनी गोधडी टेबलावर पसरली. फुललेल्या कडांवरून हात फिरवत फिरवत ते कोपऱ्याशी आले आणि थांबले. शिवणीतून फिकट पिवळा कोंब बाहेर आला होता! दुसऱ्या कोपऱ्यातूनही. तिसऱ्यातूनही!

मला वाटलं, झालं, परत खडी. शेवंतानंही पहिल्यांदाच तोंडाला पदर लावला.

साहेब शेतकऱ्याच्या घरचे. कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. "अख्ख्या जिल्ह्यात यंदा एवढीच ज्वारी उगवलेली पाहिली मी," असं म्हणाले, आणि ऑर्डरच्या कागदावर सही करून तो माझ्याकडं सरकवला.

मग काकूंकडं वळले. "पण काकू, कोंब तीनच कोपऱ्यांत आलेत. चौथ्यात दाणे घालायचे राहिले का?"

काकू खुर्चीत ताठ बसल्या.

"राहतील कसे? चौथ्यात तुमची रेशनची मिलो हाय, साहेब!"