मोडेमवरचं झाकण

तुमची आई सांगते, आजीच्या हातून ऑफिसात कधी चूक झाली नाही. झाली होती, आणि ती दुसऱ्याला भोवली.

भोरच्या ऑफिसातून वेल्ह्याच्या ऑफिसला टेलिफोनच्या तारेवरून माहिती जायची. दोन्हीकडे मोडेम होते. इंग्रजी पुस्तक वाचता येई म्हणून भोरचं यंत्र माझ्याकडे आलं. रोज सकाळी मी अक्षरांची एक ठरावीक ओळ पाठवायची आणि वेल्ह्याच्या यंत्राने ती तशीच परत धाडायची. आली की रजिस्टरात ‘ठीक’. महिन्याच्या पहिल्या शनिवारी फक्त आपलं यंत्र तपासायचं. त्यासाठी एक बटण होतं. ते दाबलं की ओळ बाहेर न जाता आतूनच परत येई.

धूळ बसू नये म्हणून मी मोडेमला कापडी झाकण शिवलं होतं, हिरव्या दिव्यापुरती खिडकी ठेवून. अशाच एका शनिवारी दाबलेलं बटण सोडायचं राहिलं आणि वर झाकण बसलं.

सोमवारी वेल्ह्याहून फोन आला. तिथले ऑपरेटर पासली गावचे, वयाने माझ्याएवढे, रोजंदारीवर.

“म्याडम, हितं कायबी येत न्हाई.”

“अहो, माझी ओळ परत आली. तुमचंच काहीतरी सैल असेल.”

“समदं बघितलं. तुमीबी बघा की एकडाव.”

मी बघितलं नाही. आठवडाभर ते हेच सांगत राहिले आणि मी सुंदर अक्षरात ‘भोरकडे दोष नाही’ लिहीत राहिले. साहेबांनी ते वाचून त्यांना कामावरून कमी केलं.

नवा माणूस आला, त्याचीही तीच तक्रार. तेव्हा कुठे मी झाकण उचललं. बटण दाबलेलंच होतं.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, “बटण सोडलंत ना? मग झालं. त्यांना परत घ्यायचं तर ‘चूक माझी’ असं तुम्ही लेखी द्या. बढतीची यादी वर गेलीय, एवढं लक्षात ठेवा.”

रविवारी एसटीने पासलीला गेले. ते भाताच्या खाचरात होते. सगळं ऐकून घेतलं आणि बांधावर येऊन पाय धुतले.

“रजिस्टरात लिवलं का?”

“नाही अजून.”

“मंग हितं कशाला आलाय, म्याडम? हितं कोण वाचतंय?”

सोमवारी कागद पुढे घेतला, तारीख घातली, आणि पुढे काही न लिहिता ड्रॉवरमध्ये ठेवला. मला बढती मिळाली. त्यांना कुणी परत बोलावलं नाही.